योसेफाचा मार्ग: सलोख्याने विभक्त होण्याचा प्रश्न आणि मंडळीचे कर्तव्य

वाचनासाठी शास्त्रभाग: उत्पत्ती १३:१-१२, अनुवाद २४:१-४, मत्तय १:१८-२५, मार्क १०:२-१२, १ करिंथ ७:१०-१६



विवाह ह्या विषयावर आपण उपदेश पुष्कळ ऐकतो, पण विवाह मोडण्याच्या वेळी काय करावे ह्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. बोलल्याने घटस्फोटाला उत्तेजन मिळेल अशी भीती वाटते. परिणामी ज्यांच्यावर ही वेळ येते ते अंधारात चाचपडत राहतात आणि त्यांना सल्ला देणारे आम्ही लोकही अंधारातच असतो. हा पाठ लिहिण्याचे धाडस मी करीत आहे, त्याचे कारण माझी स्वतःची एक चूक आहे. ती प्रथम कबूल करतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी उज्जैनमध्ये आमच्या ओळखीतील एका जोडप्याचे पटेनासे झाले. लग्नाला सहा वर्षे झालेली, पदरी एक मुलगी. मारहाण नव्हती, व्यसन नव्हते, परंतु घरात बोलणे राहिले नव्हते. आम्ही चारपाच जणांनी वर्षभर समजूत घातली, प्रार्थना केली. शेवटी दोघेही म्हणाले, "भाऊ, आम्हांला भांडायचे नाही. कोर्टात गेलो तर चारचौघांत अब्रू जाईल. तुम्हीच काय ते लिहून द्या." आम्ही स्टँपपेपर आणला, त्यावर फारकत लिहिली, फ्रीगंजमध्ये जाऊन नोटरी केली. साक्षीदार म्हणून दुसरी सही माझी होती. शांती करणाऱ्याचे काम आपल्या हातून झाले असे समजून मी त्या रात्री समाधानाने झोपलो.

तीन वर्षांनी त्या बहिणीला जालन्याकडचे एक चांगले स्थळ आले. तिकडच्या पाळकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "न्यायालयाचा हुकूमनामा कोठे आहे?" तिने तो स्टँपपेपर दाखविला. पाळकांनी तो वाचून परत दिला आणि सांगितले की कायद्याच्या दृष्टीने ही बहीण अजून विवाहित आहे. त्यांचे म्हणणे बरोबर होते. स्थळ गेले. ह्या कागदाने आणखी काय नुकसान केले ते पुढे सांगतो.

१. योसेफाने काय ठरविले होते?

मत्तयाच्या पहिल्या अध्यायातील ती घटना आपण नाताळात दरवर्षी वाचतो. मरियेची योसेफाशी मागणी झाली होती. यहुदी रीतीप्रमाणे मागणी हे बंधनच होते, आणि ते सोडवायचे तर रीतसर सूटपत्र द्यावे लागे. योसेफाची समजूत अशी झाली की आपला विश्वासघात झाला आहे. लोकांपुढे तिची बेअब्रू करण्याचा मार्ग त्याला मोकळा होता. पण तो नीतिमान होता असे मत्तय सांगतो, आणि म्हणूनच त्याने बोभाटा न करता तिला सोडण्याचे मनात आणले.

देवदूताने त्याला त्या विचारापासून परावृत्त केले हे खरे. तरीसुद्धा शास्त्र त्याच्या विचाराला दोष देत नाही. त्या विचारात दोन गोष्टी होत्या: दुसऱ्याची अब्रू राखणे, आणि ते करताना नियमाने जे सूटपत्र द्यायचे ते देणे. त्याने गुपचूप पण रीतसर सोडण्याचे ठरविले होते. आम्ही त्या जोडप्यासाठी 'गुपचूप' तेवढे घेतले आणि 'रीतसर' सोडून दिले. मोशेच्या नियमशास्त्रातही सूटपत्राचा लेख आहे तो स्त्रीला वाऱ्यावर सोडू नये म्हणून. तिच्या हाती लेख असला म्हणजे तिची स्थिती काय आहे हे कोणालाही दाखविता येते.

विवाह हे देवाने जोडलेले बंधन आहे, आणि प्रभूने घटस्फोटाचे मूळ मनुष्याच्या अंतःकरणाच्या कठीणपणात दाखविले आहे. ही शिकवण ढिली करण्याचा येथे हेतू नाही. परंतु पौलही करिंथच्या मंडळीला लिहिताना वेगळे झालेल्यांचा विचार करतो, आणि देवाने आपल्याला शांतीत राहण्यासाठी बोलाविले आहे अशी आठवण देतो. तेव्हा ज्यांचे अंतःकरण कठीण झालेच आहे त्यांच्याशी मंडळीने कसे वागावे, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

२. जुन्या कायद्यात योसेफाला जागा नव्हती

आपल्या देशात ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोटाचा कायदा १८६९ सालचा आहे. जवळजवळ एकशेबत्तीस वर्षे त्याचे स्वरूप फार कठोर होते. पतीला घटस्फोट हवा असेल तर पत्नीचा व्यभिचार सिद्ध करावा लागे. पत्नीला हवा असेल तर नुसता व्यभिचार सामान्यतः पुरत नसे. त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग असे दुसरे कारणही सिद्ध करावे लागे. पतीने अर्ज केला तर ज्याच्याशी संबंध असल्याचा आरोप असे त्यालाही सहसा प्रतिवादी करावे लागे. जिल्हा न्यायालयाने निकाल दिला तरी उच्च न्यायालयाची मंजुरी मिळेपर्यंत तो पक्का होत नसे.

आता विचार करा. दोन माणसे एकमेकांविषयी वाईट न बोलता वेगळी होऊ इच्छितात, आणि कायदा सांगतो की एकाने दुसऱ्याला व्यभिचारी ठरविल्याशिवाय सुटका नाही. काही जण खोटे आरोप करीत, काही जण आयुष्यभर तसेच राहत, आणि काही जण आमच्यासारखा स्टँपपेपर करीत. ह्या चोरवाटेची सवय आपल्या समाजाला त्या काळात लागली असे मला वाटते.

हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीने घटस्फोटाची तरतूद १९७६ साली आली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ती आरंभापासूनच होती. ख्रिस्ती लोकांना मात्र वाट पाहावी लागली. १९८५ साली एका खासी ख्रिस्ती स्त्रीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विवाह-कायद्यांतील ही विषमता दाखवून सुधारणेची गरज स्पष्ट शब्दांत मांडली. १९९५ साली केरळ उच्च न्यायालयाने आणि १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने पत्नीवरचे जादा ओझे घटनाविरोधी ठरविले. शेवटी संसदेने २००१ साली कायदा दुरुस्त केला. पतिपत्नींसाठी घटस्फोटाची कारणे समान झाली, क्रूरता आणि दोन वर्षांचा त्याग ही स्वतंत्र कारणे झाली, उच्च न्यायालयाच्या मंजुरीची अट गेली, आणि कलम १०-अ नवीन आले. परस्पर संमतीचा मार्ग तो हाच. इकडे माळव्यात कोर्टाच्या आवारात ह्यालाच 'आपसी सहमती' म्हणतात.

३. कलम १०-अ चा मार्ग

हा मार्ग सरळ आहे. पतिपत्नी दोघे मिळून एकच अर्ज करतात. त्यात तीन गोष्टी सांगायच्या असतात: आम्ही दोन वर्षे किंवा अधिक काळ वेगळे राहत आहोत, आम्हांला एकत्र राहणे शक्य झालेले नाही, आणि विवाह संपवावा असे आम्ही दोघांनी मिळून ठरविले आहे. कोणी कोणावर आरोप करण्याची गरज नसते.

अर्जानंतर सहा महिन्यांपूर्वी नव्हे आणि अठरा महिन्यांनंतर नव्हे, अशा मुदतीत दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे यायचे असते. मधला काळ फेरविचारासाठी आहे. तेवढ्यात मन बदलले तर अर्ज मागे घेता येतो. दोघे आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले, तर न्यायालय त्यांचे ऐकून व चौकशी करून हुकूमनामा देते. हिंदू कायद्यातील अशाच तरतुदीविषयी सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या आहेत. १९९१ च्या निकालाप्रमाणे संमती शेवटपर्यंत टिकलेली असली पाहिजे; आणि 'वेगळे राहणे' म्हणजे पतिपत्नी म्हणून न राहणे, मग छप्पर एक का असेना. २०१७ च्या निकालाप्रमाणे योग्य प्रसंगी सहा महिन्यांची मुदत न्यायालय माफ करू शकते. आपल्या कायद्याखाली तशी सवलत मागता येईल का, हे वकिलाला विचारावे, पण ती मिळेलच असे धरून चालू नये.

दोन वर्षांच्या अटीविषयीही एक खुलासा करतो. इतर कायद्यांत एकच वर्ष असताना ख्रिस्ती लोकांना दोन का, असा प्रश्न केरळ उच्च न्यायालयापुढे आला. २०१० साली त्या न्यायालयाने ती अट एक वर्ष अशी वाचावी असे ठरविले, आणि २०२२ साली तर त्या एका वर्षाची सक्तीही घटनाविरोधी ठरविली. परंतु कलमाचे शब्द संसदेने बदललेले नाहीत, आणि एका राज्याच्या उच्च न्यायालयाचा निर्णय दुसऱ्या राज्यातील न्यायालयांवर आपोआप बंधनकारक होत नाही. म्हणून आपण मध्य प्रदेशात राहणाऱ्यांनी दोन वर्षे धरून चालणे सुरक्षित.

अर्ज कोठे करावा? आपल्यापैकी पुष्कळांचे लग्न नगर, जालना किंवा नागपूरकडे झालेले असते आणि संसार उज्जैनला. जेथे लग्न लागले, जेथे पतिपत्नी राहतात, किंवा जेथे ती शेवटी एकत्र राहिली, त्यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायालयात अर्ज चालतो. तेव्हा शेवटचे एकत्र राहणे उज्जैनला असेल तर येथील कुटुंब न्यायालयात जाता येते. महाराष्ट्रात फेऱ्या घालण्याचे कारण नाही. लग्न चर्चमध्ये १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने लागले असेल तर विवाहनोंदीचा दाखला लागतो. पतिपत्नींपैकी एकजण ख्रिस्ती असला तरी ह्या कायद्याने अर्ज करता येतो. रजिस्टर पद्धतीने, म्हणजे १९५४ च्या कायद्याने लग्न झाले असेल तर मात्र त्याच कायद्याखाली जावे.

कुटुंब न्यायालयाचे नाव ऐकून घाबरू नये. १९८४ च्या कायद्याने ही न्यायालये निर्माण झाली ती कोर्टाची कडक रीत सौम्य करण्यासाठीच. तडजोडीचा प्रयत्न करणे हे त्या न्यायालयाचे कर्तव्य आहे. पक्षकारांपैकी एकाने जरी इच्छा व्यक्त केली तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. म्हणजे ज्या बेअब्रूच्या भीतीने आम्ही स्टँपपेपरकडे धावलो, ती टाळण्याची सोय कायद्यातच होती. आम्हांला ती ठाऊक नव्हती.

४. स्टँपपेपरची फारकत आणि मंडळीचा ठराव

नोटरीची सही असो, पाच वडीलजनांची साक्ष असो, पंचांचा निर्णय असो. ख्रिस्ती विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्याशिवाय सुटत नाही. चर्चच्या धर्मन्यायालयाने विवाह रद्द ठरविला तरी कायद्याच्या दृष्टीने तो कायमच असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले. धर्मन्यायालयाच्या निर्णयाला कायदेशीर मान्यता द्यावी ही मागणीही त्याच न्यायालयाने २०१७ साली फेटाळली. अशा कागदाच्या आधारे कोणी दुसरे लग्न केले तर तो द्विविवाहाचा गुन्हा होतो. पूर्वी तो दंडसंहितेच्या कलम ४९४ खाली होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली आहे.

आता मी मागे राखून ठेवलेली गोष्ट सांगतो. त्या फारकतीत आम्ही एक वाक्य मोठ्या हौसेने घातले होते: उभयता परस्पर संमतीने वेगळे राहत आहेत. पुढे पतीकडून पैसे येणे बंद झाले तेव्हा त्या बहिणीने पोटगीचा अर्ज केला. समोरच्या वकिलांनी तोच कागद पुढे ठेवला. फौजदारी प्रक्रियेतील पोटगीच्या कलमात असे आहे की विवाह कायम असताना पत्नी परस्पर संमतीने वेगळी राहत असेल तर तिला पोटगी मागता येत नाही. हे कलम पूर्वी १२५ होते, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे. मुलीच्या पोटगीला त्या वाक्याची बाधा आली नाही, परंतु आईच्या मागणीला आली. आणि त्याखाली माझी सही होती.

उलट, न्यायालयातून परस्पर संमतीने घटस्फोट झालेल्या स्त्रीला ही बाधा येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निर्णय आहे. तीच संमती, पण घरच्या कागदावर लिहिली तर स्त्रीचा हक्क बुडविते आणि न्यायालयापुढे सांगितली तर बुडवीत नाही. हा फरक प्रत्येक वडीलजनाने पाठ करून ठेवावा.

५. सलोखा कागदावर कसा उतरवावा

अब्राहाम आणि लोट वेगळे झाले त्या प्रसंगी अब्राहामाने आपले मोठेपण मागे ठेवून लोटाला प्रथम निवड करू दिली. सलोख्याची खरी परीक्षा अशा वाटणीच्या वेळी होते. संयुक्त अर्जाबरोबर जो करार द्यायचा त्यात पुढील गोष्टी मोघम ठेवू नयेत.

मुले कोणाजवळ राहतील. दुसऱ्या पालकाने कोणत्या दिवशी भेटावे. सुट्या, नाताळ आणि आजारपण ह्यांची व्यवस्था काय. मुलाचा ताबा ठरविताना न्यायालय मुलाचे हित पाहते, आईबापांची सोय नव्हे. शाळेची फी कोण भरील आणि कोणत्या तारखेपर्यंत. मुलांच्या पोटगीचा हक्क मुलांचा असतो. "मला काही नको" म्हणणाऱ्या आईने तो मुलांच्या वतीने सोडून देऊ नये.

पत्नीची पोटगी एकरकमी की दरमहा. एकरकमी असेल तर किती हप्ते, आणि शेवटचा हप्ता हुकूमनाम्यापूर्वी की नंतर. २००१ पूर्वी खटला चालू असतानाच्या पोटगीला पतीच्या उत्पन्नाच्या एकपंचमांशाची मर्यादा होती, ती आता नाही. तिचे दागिने व माहेरचे सामान ह्यांची यादी करून दोघांनी सही करावी. घर कोणाच्या नावावर, कर्ज कोण फेडणार, विमा व भविष्यनिर्वाह निधी ह्यांवरील नामनिर्देशन बदलले की नाही, हेही पाहावे. आधी एकमेकांविरुद्ध काही खटले घातले असतील तर त्यांचे काय करायचे तेही लिहावे.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० ह्या दूरध्वनी क्रमांकावरही चौकशी करता येते.

६. जेथे सलोख्याचा आग्रह धरू नये

एक इशारा देणे अगत्याचे आहे. जेथे मारहाण आहे, जिवाची भीती आहे, तेथे "गोडीगुलाबीने मिटवा" असे सांगणे म्हणजे दुर्बलाला गप्प बसविणे होय. भीतीपोटी दिलेली संमती ही संमतीच नाही. अशा बहिणीला प्रथम सुरक्षित जागा द्यावी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला संरक्षण, राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि खर्च मागता येतो. घटस्फोट नको पण वेगळे राहणे आवश्यक आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी न्यायिक विभक्तीचाही मार्ग कायद्यात आहे. तिने विवाह मोडत नाही.

७. मंडळीने काय करावे?

प्रथम, घाई करू नये. आपल्या मराठी मंडळीला रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई ह्यांचे उदाहरण ठाऊक आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. धर्मांतर केलेल्या व्यक्तीला असा विवाह सोडविता यावा म्हणून १८६६ चा कायदा तेव्हा उपलब्ध होता. तरी हे बंधन सोडविले गेले नाही. काही वर्षांच्या दुराव्यानंतर लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. दरम्यानचे दुःख त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लपविलेले नाही. काळाला आणि प्रार्थनेला अवसर दिला तर तुटलेले जुळते हे आपण विसरू नये.

पण प्रत्येक घरी तसे घडत नाही, आणि दरवेळी त्यात कोणाच्या तरी विश्वासाची उणीव असते असेही नाही. समेटाचे प्रामाणिक प्रयत्न झाल्यावर मंडळीने त्या दोघांना योग्य दारापर्यंत पोहोचवावे. पाळकांनी विवाहनोंदीचा दाखला विनाविलंब द्यावा. वडीलजनांनी फारकतीचा कागद लिहू नये व त्यावर साक्षही करू नये. दोघांपैकी कोणालाही प्रभुभोजनाच्या मेजापासून कुजबुजीने दूर लोटू नये. पुनर्विवाहाचा प्रश्न येईल तेव्हा हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत पाहावी आणि अपिलाचा प्रश्न उरलेला नाही ह्याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर आपल्या मंडळीच्या शिस्तीप्रमाणे निर्णय घ्यावा.

त्या बहिणीचे पुढे काय झाले हे तुम्ही विचाराल. मी दोघांकडे जाऊन क्षमा मागितली. दोन वर्षांहून अधिक काळ ती वेगळी राहत होतीच. दोघांनी मिळून कुटुंब न्यायालयात अर्ज केला. यथावकाश हुकूमनामा मिळाला, पोटगी ठरली, मुलीच्या भेटीचे दिवस ठरले. कोणी कोणाविरुद्ध एक वाईट शब्द उच्चारला नाही. बाहेर आल्यावर ती एवढेच म्हणाली, "भाऊ, हे आधीच केले असते तर?" त्या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. तो प्रश्न पुन्हा कोणाला विचारावा लागू नये म्हणून हा पाठ लिहिला.

चर्चेसाठी प्रश्न

१. योसेफाला मत्तय नीतिमान का म्हणतो? अब्रू राखणे आणि नियम पाळणे ह्या दोहोंचा मेळ त्याने कसा घातला होता?

२. आपल्या मंडळीत स्टँपपेपरवर फारकत झालेले कोणी आहेत का? नावे न घेता, त्यांना आज कोणती मदत करता येईल ते ठरवा.

३. समेटाचा प्रयत्न कोठे थांबवावा आणि संरक्षण कोठे सुरू करावे, हे आपण कशावरून ओळखू?

४. विभक्त झालेल्या घरातील मुलांसाठी आपली रविवारची शाळा काय करू शकते?